इडाची मुलगी

१

बिटरवेल गावात इतिहासाला तोटा नव्हता, आणि जिथं तो कमी पडे तिथं गावकरी आपल्या हातानं भर घालत. ऑपेरा हाऊसच्या भिंतीतली गोळ्यांची भोकं दर दोन वर्षांनी नव्यानं पाडावी लागत, कारण गिलावा करणारा माणूस कामाला चोख होता. मेन स्ट्रीटवर रोज बाराच्या ठोक्याला तेच दोन म्हातारे एकमेकांवर पिस्तुलं झाडत. त्यातला एक धुळीत पडून मरे, पाहुणे टाळ्या वाजवत, आणि साडेबाराला दोघं एकाच टेबलावर खिमा-राजम्याची चिली ओरपत बसत. तांब्याची खाण बंद पडल्यापासून गाव जगत होतं ते पाहुण्यांवर. थोडं मीठमसाल्याचं कुणी मनावर घेत नसे.

वर्ना टॉलिव्हर मात्र घेत असे. जुन्या कोर्टाच्या इमारतीतलं म्युझियम ती बावीस वर्षं सांभाळत होती. त्याआधी शाळेत मास्तरीण होती, आणि तो बाणा काही तिनं सोडला नव्हता. "पुरावा कुठाय?" हे तिचं पालुपद. हॉटेलवाल्यानं आपल्या सात नंबरच्या खोलीत कुणी नामांकित दरोडेखोर झोपून गेल्याची पाटी लावली, तेव्हा हिनं भर सभेत त्याचे असे वाभाडे काढले की बिचाऱ्यानं पाटीच न्हाणीघरात हलवली.

अशा बाईनं आयुष्यात एकदाच थाप मारली होती, आणि ती अकरा वर्षं पचली होती.

दर सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी गावात थडग्यांची फेरी निघे. गावकरी जुने कपडे घालून टेकडीवरच्या दफनभूमीत जात. ज्यानं त्यानं आपापल्या वाट्याच्या थडग्याशी उभं राहायचं, आणि पाहुण्यांचा घोळका आला की त्या मेलेल्या माणसाच्या तोंडून 'मी, मी' करत त्याची हकीकत सांगायची. नियम एकच. शेवटचा घोळका फाटकाबाहेर पडेपर्यंत आपण आपण नसायचं. एखाद्या पोरानं विचारलं, "तुम्ही खरंच मेलात का?" तर म्हणायचं, "हो रे बाळा, केव्हाच."

थडगी नऊ होती. आठांची कागदपत्रं होती. नववं पार वरच्या टोकाला, जुनिपरच्या झाडांपाशी. तिथं एक लाकडी फळी आणि फळीवर फक्त 'इडा' एवढं नाव. घोळके तिथूनच माघारी वळत, त्यामुळे तिथं कुणीतरी उभं असणं भाग होतं. वर्नानं सगळी दप्तरं पालथी घातली. चर्चच्या मृत्यूनोंदीत मिळाले दोन शब्द, 'इडा. ताप.' बस्स. मग एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं इडा रचली.

खाणकामगारांचे कपडे धुणारी विधवा. सात वर्षांची एक मुलगी, नाव नेल. एका दुपारी चारच्या सुमाराला नेल कोरड्या ओढ्यात जंगली प्लम वेचायला गेली. वर डोंगरात पाऊस कोसळला होता. आईनं वेळेवर हाक मारायची, पण ती इस्त्री करत होती. तेवढा एक परकर आटपू दे, म्हणाली. ओढ्याला लोंढा आला. मूल सापडलं नाही. त्यानंतर इडा रोज चारला दारात उभी राहून हाका मारायची, मरेपर्यंत.

ऐकून पाहुणे रडत. दरसाल फेरीतली सगळ्यात नावाजली जाणारी जागा ती. इडा नखशिखांत खोटी होती. मुलगी मात्र खोटी नव्हती, आणि ते वर्नानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

२

फेरीला चार दिवस होते. मंगळवारी सकाळी वर्ना म्युझियममध्ये इडाच्या काळ्या झग्याची उसवलेली बाही शिवत बसली होती, तेव्हा एक बाई आत आल्या. पंचाहत्तरीच्या असतील. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, कानात ऐकायचं यंत्र, आणि काखेत पुठ्ठ्याची फाइल.

"मी लेनोरा बायर्स," त्या म्हणाल्या. "गेल्या साली तुमच्या फेरीला आले होते. छान करता हो तुम्ही. पण आमच्या घराण्याचं तुम्ही थोडं चुकीचं सांगता."

"कुठलं घराणं म्हणायचं?"

"इडाचं. माझी पणजी ती."

वर्नाच्या बोटात सुई टोचली. तिला हसूच आलं खरं तर. इतकी वर्षं लोक रडून जात होते, आता नातेवाईकही निघाले! कुणीतरी तिची गोष्ट कुठंतरी छापली असणार, आणि ही भाबडी म्हातारी तीच आपली समजून बसली असणार. अशी माणसं तिनं ढिगानं पाहिली होती.

"काय चुकतं सांगा ना," ती गोड आवाजात म्हणाली.

"एक तर, पोर हरवली नव्हती. लोंढा आला हे खरं. पण तिच्या आईनं इस्त्री टाकून वेळेवर हाक मारली, आणि ती धावत वर आली. आजी स्वतः सांगायची मला. त्र्याऐंशी वर्षं जगली की ती! मला तिनंच वाढवलं." लेनोराबाई फाइल सोडता सोडता थांबल्या. "आणि दुसरं म्हणजे, तिचं नाव नेल नव्हतं हो. पर्ल होतं."

वर्नाच्या हातातला झगा खाली पडला.

पर्ल तिची धाकटी बहीण. चौपन्न वर्षांपूर्वी, सातव्या वर्षी, कोरड्या ओढ्यात प्लम वेचायला गेलेली. आई कामावर होती. जाताना दहा वर्षांच्या वर्नाला बजावून गेली होती, चार वाजले की तिला हाक मार. वर्ना पुस्तक वाचत होती. तेवढं एक पान आटपू दे, म्हणाली होती. पर्ल सापडली नाही, म्हणून तिला थडगंही नाही. त्या दिवसापासून आईनं घरात ते नाव घेऊ दिलं नाही, आणि पुढं ते घ्यायची हिंमतच कुणाला उरली नाही. म्हणून तर वर्नानं तिला इडाच्या ओटीत घातलं. वर्षातून एकदा, दुसऱ्या नावानं का होईना, तिच्यासाठी चारचौघांत रडता येत होतं.

लेनोराबाईंनी फोटो पुढं केला. तपकिरी पडलेला, कोपरे झिजलेला. लाकडी घराच्या दारात एक बाई. मान हलली असावी, कारण चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा. पायरीवर एक पोर बसलेली, ती मात्र लख्ख. पुढच्या दाताचा टवका उडालेला, डाव्या भुवईत झोपाळा लागून पडलेली खाच.

तो झोपाळा वर्नानंच ढकलला होता.

३

"अगं, म्हाताऱ्यांना काय, काहीही आठवतं," वेंडेल म्हणाला. वर्नाचा थोरला भाऊ, खाणीतला जुना ट्रक ड्रायव्हर, आणि आता रोज बारा वाजता मेन स्ट्रीटवर गोळी खाऊन पडणारा तो हाच. नुकताच मरून आला होता. पाठीवरची धूळ तशीच होती. "माझ्यात बघ ना. काल मी उजव्या कुशीवर मेलो की डाव्या, विचारशील तर सांगता यायचं नाही."

"वेंडेल, थट्टा पुरे. तिनं नाव सांगितलं."

"कसलं नाव?"

वर्नानं आजूबाजूला पाहिलं. हे नाव मोठ्यानं उच्चारायला तिची जीभ रेटेना. "पर्ल," ती कशीबशी पुटपुटली.

वेंडेलनं चिलीत मक्याचा ब्रेड बुडवला, खाल्ला, बोटं चाटली. "कोण पर्ल?"

बरोबरच आहे, वर्नाला वाटलं. आईनं लावलेली शिस्त. वेंडेल तर आईचा फारच आज्ञाधारक. तिला त्याची कीवही आली आणि रागही आला.

"आता आई नाहीये रागवायला," ती म्हणाली. "बोल की माझ्याशी. एकदा तरी बोल. आपली पर्ल, वेंडेल."

त्यानं चमचा खाली ठेवला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. त्या नजरेत लपवालपवी नव्हती, दुःख नव्हतं. नुसती काळजी होती. वर्नाला ती नजर ओळखीची होती. आई सहासष्टाव्या वर्षी घरातल्या माणसांची नावं विसरायला लागली, तेव्हा हे दोघं तिच्याकडे असेच बघायचे.

"तुला झोप लागते ना गं नीट?" वेंडेलनं विचारलं. "शनिवारची फेरी दुसऱ्या कुणावर टाकायची का? तू चौसष्टची झालीस, बाई. आईचं असंच सुरू झालं होतं."

४

पुरावा! बुधवारी दार आतून लावून वर्नानं चर्चची मृत्यूनोंद काढली. चामड्याची पाठ, वाळवीनं खाल्लेला काठ. ते पान तिला तोंडपाठ होतं. वरून सहावी ओळ.

'इडा. ताप. मागे एक मुलगी, पर्ल, वय एकवीस.'

अक्षर तेच, शाई तीच तपकिरी, फिकटसुद्धा तितकीच. तिनं भिंग लावून पाहिलं. कागद खरवडलेला नव्हता. नंतर घुसडलेल्या शब्दांना जी दाटीवाटी होते ती इथं नव्हती. पुढच्या ओळीनं या ओळीला ऐसपैस जागा सोडली होती.

म्हणजे अकरा वर्षांपूर्वीही हे इथंच असणार. आपण वाचलं असणार, आणि विसरलो असणार. मग त्या रविवारी टेबलाशी बसून आपण रचलं म्हणतो ते रचलेलं नव्हेच, नुसतं आठवलेलं. हे पटण्यासारखं होतं. डॉक्टरलाही पटलं असतं. आणि ते पटवून घेतलं की मग एवढाच प्रश्न उरत होता की झोपाळा, दात, आईचं बजावून जाणं, ओढ्याच्या काठावर कंदील घेऊन फिरणारे बाबा, हे सगळं कुठून आलं? तेही एखाद्या दप्तरात वाचलं का आपण?

तिनं नोंदवही मिटली आणि म्युझियमला कुलूप घातलं.

घरी आल्यावर ती आधी स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. चौकटीवर बाबा दर वाढदिवसाला पेन्सिलनं पोरांची उंची मांडत. तीन रांगा. वेंडेलची, वर्नाची, आणि सगळ्यात बुटकी पर्लची, सात रेघांची. आईनं घर दोनदा रंगवलं, पण त्या चौकटीला ब्रश लावला नाही. तेवढा एकच हळवेपणा तिनं स्वतःला माफ केला असावा.

पर्लच्या रांगेत तीन रेघा होत्या.

वर्नानं बोट फिरवून पाहिलं. दिवा जवळ धरला. तीनच. लाकूड गुळगुळीत होतं.

"पर्ल!"

हाक आली तेव्हा ती तशीच वाकलेली होती. लांबून, टेकडीच्या बाजूनं, बाईचा आवाज. दमलेला नव्हता की रडवेलाही नव्हता. जेवायला बोलावतात तसा, रोजचा. कुणाचा तरी कुत्रा असेल या नावाचा, वर्ना स्वतःशी म्हणाली. घड्याळात चार वाजले होते.

५

गुरुवारी लेनोराबाई परत आल्या. त्यांनी आणखी फोटो आणले होते. पर्ल पंचवीस वर्षांची, नवऱ्याशेजारी. पर्ल मांडीवर बाळ घेऊन. पर्ल सत्तर वर्षांची, उन्हात डोळे मिचकावत, केस पिकलेले आणि दातांची कवळी बसवलेली. भुवईतली खाच तेवढी तशीच.

वर्ना बघतच राहिली. आपली पर्ल मोठी झाली असती तर कशी दिसली असती, हे तिनं चौपन्न वर्षं मनातल्या मनात रंगवून पाहिलं होतं. कधी नीट जमलं नव्हतं. ती अशी दिसली असती. जराशी बाबांसारखी.

"सुखी होती का ती?" तिनं विचारलं.

"आजी? अहो, भांडखोर होती नुसती! पत्त्यात लबाडी करायची. पण सुखी होती, हो." लेनोराबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. हात ऊबदार होता, साध्या म्हाताऱ्या बाईचा हात. "म्हणायची, त्या दिवशी आईनं हाक मारली म्हणून मी आहे. शनिवारी तेवढं नीट सांगाल ना? ती हरवली असं नका म्हणू. मला फार वाईट वाटतं ते ऐकून."

त्या गेल्यावर वर्नानं दार लावलं आणि पोटभर रडली. मनात दोन बाजू भांडत होत्या. तिकडे जगली ना ती? मग तुझं काय बिघडलं? तुला हाक मारता आली नाही, दुसरीनं मारली. सोडून दे की! आणि लगेच दुसरी बाजू उसळून उठे. सोडून दिली तर माझी पर्ल कुठं राहिली? जिचा झोपाळा मी ढकलला, जी माझ्या पांघरुणात पाय खुपसून झोपायची, ती कुणाची? मेलेली का असेना, ती माझी होती. आणि तिला आठवणारं या जगात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

शुक्रवारी तिनं वेंडेलला फोन केला. "आपण भावंडं किती रे?"

"वर्ना, मी गाडी काढून येतो तिकडे."

"किती ते सांग."

"दोन," तो हळूच म्हणाला. "तू आणि मी. दोनच होतो गं आपण."

शनिवारी सकाळी चौकटीवरही दोनच रांगा होत्या. वर्ना त्या कोऱ्या लाकडाकडे बघत कॉफी प्यायली, आणि तिचं ठरलं. आज नियम मोडायचा. इडा खोटी आहे हे सगळ्यांदेखत सांगायचं. हॉटेलवाला हसेल, हसू दे. म्युझियम जाईल, जाऊ दे. आपल्या तोंडानं पर्लचं नाव घ्यायचं आणि तिला परत मागून घ्यायचं.

६

ऊन कलतं होतं. काळा झगा घालून वर्ना फळीशेजारी उभी राहिली. खाली उतारावर बाकीचे आठ मेलेले आपापल्या जागी बोलत होते. वाऱ्याबरोबर त्यांचे तुटक तुटक शब्द वर येत होते. शेवटचा घोळका घेऊन वेंडेल आला. त्याच्याकडे घोळक्यांना वाट दाखवायचं काम होतं. पुढ्यातच लेनोराबाई पांढऱ्या बुटांत उभ्या होत्या.

"मी इडा नाही," वर्ना म्हणाली.

कुणीतरी खोकलं. वेंडेलच्या कपाळाला आठी पडली.

"इडा मी रचली. या फळीखाली कोण आहे मला ठाऊक नाही. मी वर्ना टॉलिव्हर. मला एक बहीण होती. तिला हाक मारायचं काम माझ्याकडे होतं. मी पुस्तक वाचत होते. मी मारली नाही हाक." तिनं फळीवर हात ठेवला. "ती माझी आहे. मी ती इथं ठेवायला दिली होती, कायमची दिली नव्हती. आता मला ती परत हवी आहे."

घोळक्यातल्या दोघीतिघींनी रुमाल काढले. एक माणूस बायकोच्या कानात म्हणाला, "काय सुरेख करते गं!" लेनोराबाई मात्र रडत नव्हत्या. त्या वर्नाच्या खांद्यावरून मागं पाहत होत्या, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता.

"पर्ल!"

हाक पाठीमागून आली, अगदी हातभर अंतरावरून. वर्नाच्या मानेला श्वास लागला. खळीचा आणि तापल्या इस्त्रीचा वास आला. मागं वळायचं तिच्या मनात होतं, मान वळली नाही.

खाली ओढ्याच्या बाजूला जुनिपरच्या फांद्या हलल्या. कुणीतरी चढण चढत धावत येत होतं. आधी केस दिसले, मग कपाळ, मग डाव्या भुवईतली खाच. वर्नाचं काळीज धडधडायला लागलं. भीती नव्हती ती. आनंदच होता, इतका की तो सोसवेना. दोन्ही हात पुढं करून, चौपन्न वर्षं घशात अडकलेल्या आवाजात ती ओरडली.

"पर्ल! पर्ल, इकडे ये! मी आहे!"

पोर थबकली. धापा टाकत तिनं वर्नाकडे पाहिलं. नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की लहान मुलं घाबरतात, तशी ती घाबरली. मग तिची नजर वर्नाच्या मागं गेली.

"आई," तिनं विचारलं, "ही बाई कोण गं?"

"कुणी नाही, बाळा," मागचा आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता, कणवच होती. "चुकून मारली असेल हाक. चल घरी."

वर्नाच्या झग्याला घासून काहीतरी लहानसं पुढं गेलं. मग वारा होता आणि टाळ्या होत्या. घोळका हळूहळू उतरायला लागला. वेंडेल मागं राहिला, जवळ आला आणि त्यानं तिचा दंड धरला.

"वर्ना, कुणाला हाक मारत होतीस गं तू?"

वर्नानं त्याच्याकडे पाहिलं. नाव होतं, आत्ता जिभेवर होतं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते कशापायी वाहतंय हे तिला काही केल्या समजेना.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "चुकून मारली असेल."